हुन्नर, उमेदवारी आणि गव्हाण

आषाढीच्या वारीत काटेवाडीस परीट मंडळींनी अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्यांवरून तुकोबांची पालखी पुढे निघाली, मेंढ्यांचे रिंगण झाले आणि भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे धुराडे नजरेच्या टप्प्यात आले, की सणसरचा मुक्काम जवळ आला हे वारकऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. गळिताचा हंगाम संपलेला असल्याने त्या दिवसांत धुराडे थंड असते, वजनकाट्यापुढे गाड्यांची रांग नसते आणि उसाच्या मोळ्या टाकावयाच्या गव्हाणीच्या कडेला चिमण्या निर्धास्त बसलेल्या असतात. अशाच एका दुपारी, पालखी बेलवाडीच्या वाटेला लागल्यावर, शेजारच्या एका सभासदाचा मुलगा कागदांची चळत घेऊन माझ्याकडे आला. त्यास जपानात जाऊन अ‍ॅनिमेशनची विद्या शिकावयाची होती, पुढे जमल्यास व्हिडिओ गेमच्या धंद्यातही शिरावयाचे होते, आणि कर्जाच्या कागदांवर जामीन म्हणून माझी सही हवी होती. त्याचे आजोबा बरोबर आले होते. लहानपणी वडिलांच्या बैलगाडीत उसाच्या मोळ्यांवर निजून कारखान्याच्या रांगेत ज्यांनी रात्री काढल्या त्या पिढीतले ते गृहस्थ. ते ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "चित्रं काढायला एवढ्या लांब कशाला जायचं? शाळेत चित्रकलेचे मास्तर आहेत की."

अर्जातील सारे रकाने मुलाने सुवाच्य अक्षरांत भरले होते. एकच रिकामा होता. शिक्षण पुरे झाल्यावर आपण काय करणार, असा प्रश्न त्यापुढे छापलेला होता.

आजोबांचा प्रश्न आणि तो रिकामा रकाना यांचा परस्परांशी निकटचा संबंध आहे असे मला वाटते. आणि तो उलगडावयाचा तर हुन्नर शिकण्यासाठी समुद्र ओलांडून गेलेल्या मराठी माणसांच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासाकडे वळावे लागते.

जपान हे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले ते १९०४–०५ च्या रशिया-जपान युद्धाने. एका आशियाई राष्ट्राने युरोपातील एका बलाढ्य सत्तेस पराभूत केले, या वार्तेने स्वदेशीच्या त्या भारलेल्या काळात तरुणांची मने पेटली, आणि विलायतेस जाऊन बॅरिस्टर होण्यापेक्षा जपानात जाऊन काच, आगपेट्या, साबण वा रंग यांचे शास्त्र शिकून यावे असा एक नवा विचार देशभर रुजू लागला. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे १९०६ च्या सुमारास देश सोडून निघाले ते प्रथम जपानातच गेले. तेथून अमेरिका आणि पुढे मेक्सिको असा त्यांचा प्रवास झाला, आणि या क्रांतिकारकाची कृषिविद्या अखेर मेक्सिकोच्या मक्याच्या शेतांस उपयोगी पडली. धोंडो केशव कर्वे यांना १९१५ साली जपानातील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका टपालाने मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी महिला विद्यापीठ उभे केले. ज्याने देश पाहिला त्याची विद्या परमुलखात फळास आली आणि ज्याने पुस्तिकाच पाहिली त्याचे विद्यापीठ येथे उभे राहिले, हा विरोधाभास वाटेल. परंतु कर्व्यांपाशी हिंगण्याच्या आश्रमाचा वीस वर्षांचा पाया तयार होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे नवल वाटत नाही.

याच काळातले तळेगाव दाभाड्याचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. अंताजी दामोदर काळे या शिक्षकाने प्रत्येक माणसाकडून वर्षाला एक पैसा मागून उद्योगासाठी निधी जमवण्याची कल्पना काढली, गावोगाव पायपीट केली, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावी काच कारखाना सुरू झाला. त्याची धुरा ज्यांच्याकडे सोपवली ते ईश्वरदास वार्ष्णेय हे संयुक्त प्रांतातले. जपानात व अमेरिकेत काचेचे शास्त्र शिकून आलेले. विद्या टोकियोची, भांडवल पैशापैशाचे आणि भट्टी मावळातली, असा तो योग होता. त्या भट्टीपुढे उमेदवारी करून तयार झालेले कारागीर पुढे देशभरच्या काचधंद्यात पसरले. वार्ष्णेय परत आले तेव्हा भट्टीची सोय येथे झालेली नसती, तर त्यांची पदवी भिंतीवर टांगली गेली असती एवढेच.

काचेचा विषय निघालाच आहे, तर हलत्या चित्रांचा येथील इतिहासही काचेवरच सुरू होतो. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांसह 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचपट्ट्यांवर हाताने रंगवलेली शेकडो चित्रे, त्यांना पुढेमागे सरकवून साधलेली हालचाल, जोडीला निवेदन आणि संगीत, असा तो थाट असे. चलच्चित्र हिंदुस्थानात यावयाच्या आधीच पडद्यावरच्या देवांनी हातपाय हलवले होते. जपानातही हीच कला 'उत्सुशी-ए' या नावाने नांदत होती. एदो नगरात, म्हणजे आजच्या टोकियोत, १८०३ साली कामेया तोराकू नावाच्या कलावंताने ती सुरू केली. तेथील खेळिये हलक्या लाकडी कंदिलाची पेटी हाती धरून कागदी पडद्यामागे स्वतःच फिरत आणि त्यामुळे चित्र धावे, उडे, लहानमोठे होई. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी पोथीतले एकेक चित्र पुढे करून रामायण गात, तर १९३० च्या दशकात जपानी गल्लीबोळांत सायकलवर लाकडी चौकट बांधलेला कथेकरी चित्रांचे ताव एकामागून एक ओढून गोष्ट सांगे. त्या खेळास 'कामिशिबाई' म्हणत. त्याचे उत्पन्न तिकिटांतून येत नसे. मुलांना गोळ्या-मिठाई विकून तो पोट भरी, आणि ज्याने मिठाई घेतली त्यास पुढची जागा देई. साखरेच्या गावात राहणाऱ्या माणसास हा तपशील विसरता येत नाही.

सारांश, आरंभरेषेवर दोन्ही देश बरोबरीने उभे होते. किंबहुना आपले पाऊल किंचित पुढेच होते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकाराची नोकरी केली, लोणावळ्यास छापखाना चालवला, रंगीत छपाईसाठी जर्मनी पाहिली. आणि हे सर्व झाल्यावर, १९११ साली गिरगावातील एका तंबूत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेला. तेथे त्यांचा मुक्काम जेमतेम पंधरवड्याचा. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाची ओळख काढून ते सेसिल हेपवर्थच्या चित्रशाळेत शिरले, काम कसे चालते ते पाहिले, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र विकत घेतले आणि परतले. पंधरा दिवसांत चित्रपटकला कशी येते, असे कोणी विचारील. परंतु पंचवीस वर्षे जो माणूस रसायने, भिंगे, शिळाछाप आणि रंग यांच्याशी झटत आला होता, त्यास उरलेले एवढेच शिकावयाचे होते.

परतल्यावर भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी जे केले ते अ‍ॅनिमेशनच्या अगदी उंबरठ्यावरचे होते. कुंडीत वाटाणा पेरून तो उगवून वेल होईपर्यंत कॅमेरा त्यावर रोखून त्यांनी ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतले, आणि पडद्यावर दिवसांची वाढ क्षणांत उलगडून दाखवली. 'अंकुराची वाढ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या चिमुकल्या पटाने पैसे उभे केले, आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. या खटाटोपात सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा किती होता हे अलीकडे थोडे बोलले जाऊ लागले आहे. त्या काळी कच्ची फिल्म विनाछिद्रांची येई. तिच्या दोन्ही कडांना काळोखात, हाताच्या अंदाजाने, समान अंतरावर भोके पाडावी लागत, आणि एक भोक चुकले तर पडद्यावरचे चित्र हिसका खाई. दिवसा घरातल्या व चित्रशाळेतल्या माणसांचा स्वयंपाक उरकून ही गृहिणी रात्री ते यंत्र चालवी. १९१५ साली फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा काड्यांना एकेका चित्रागणिक सरकवून नाचवणारा पट केला. जपानात शिमोकावा ओतेन, कोउची जुनइची आणि कितायामा सेइतारो यांचे पहिले व्यंगचित्रपट आले ते १९१७ साली.

मग मागे कोण, केव्हा आणि का पडले? प्रतिभेचा तुटवडा नव्हता. 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठी व्ही. शांताराम १९३३ साली जर्मनीस गेले. रंगांनी दगा दिला, परंतु तेथे पाहिलेली तंत्रे १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये उतरली आणि पडदा व्यापणारा तो डोळा प्रेक्षकांच्या स्मरणात राहिला. त्याच वर्षी पुण्याच्या प्रभातमध्ये रघुनाथ केळकरांनी 'जंबूकाका' हा कार्टूनपट काढला. 'जंबूकाका'नंतर मात्र प्रभातच्या दफ्तरात या कलेची परंपरा निर्माण झाली नाही. एक हौशी माणूस, एक प्रयोग, आणि मग शांतता, हाच क्रम फाळक्यांच्या आगकाड्यांपासून चालत आला होता.

१९५६ हे वर्ष या दृष्टीने मोठे कुतूहलाचे आहे. त्या वर्षी मुंबईत केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. हिंदुस्थानात जन्मलेले डिस्नेचे चित्रकार क्लेअर वीक्स शिकवावयास आले. राममोहन नावाचा तरुण त्यांच्या हाताखाली तयार झाला, आणि जातककथेवरचा 'द बन्यन डिअर' १९५७ साली पुरा झाला. त्याच १९५६ साली टोकियोत तोएई कंपनीने आपली अ‍ॅनिमेशनची चित्रशाळा स्थापली आणि १९५८ साली 'हाकुजादेन' हा पूर्ण लांबीचा रंगीत पट बाजारात आणला. एकाच वर्षी लावलेली ही दोन रोपे. आपले रोप सरकारी कुंडीत वाढले. कुटुंबनियोजन, अल्पबचत, शेतीसुधारणा यांसारख्या विषयांवर त्याने प्रामाणिक सेवा केली, पण अंदाजपत्रकाबाहेर मुळे धाडण्याची त्यास मुभा नव्हती. जपानी रोपास मात्र आधीच नांगरून ठेवलेले शेत लाभले: मुलांची चित्रकथांची मासिके व साप्ताहिके, खेळण्यांचे कारखाने, आणि नव्याने आलेला दूरदर्शनसंच.

त्या शेतातले पहिले मोठे पीक म्हणजे तेझुका ओसामू यांचा 'तेत्सुवान आतोमु'. १ जानेवारी १९६३ पासून दर आठवड्यास अर्ध्या तासाचा एक भाग देण्याचे त्यांनी अंगावर घेतले, ते जाणकारांना वेडेपणाचे वाटले. कारण चित्रपटात सेकंदास चोवीस चित्रे धावतात, आणि डिस्नेच्या रिवाजाप्रमाणे त्यासाठी निदान बारा रेखाटने लागतात. तेझुकांनी एकेक रेखाटन तीन तीन चित्रांपुरते धरून सेकंदास आठांवर भागवले. चालणे, उडणे, डोळे मिचकावणे यांची रेखाटने कपाटात क्रमवार लावून पुन्हा पुन्हा वापरली. आणि काटकसरीतूनच एक नवी शैली जन्मास घातली. खर्चाची तोंडमिळवणी तरीही होत नसे. ती झाली पुस्तके आणि खेळण्यांवरच्या हक्कांतून, आणि कार्यक्रमास आश्रय देणाऱ्या मेइजी या मिठाई कंपनीच्या पाठबळावर. कामिशिबाईवाल्याची सायकल मोठी होऊन दूरदर्शनवर आली होती, इतकेच.

व्हिडिओ गेमचा वृत्तान्त याहून वेगळा नाही. तो सुरू होतो पत्त्यांपासून. सावंतवाडीचे चितारी वाटोळ्या गंजिफा रंगवीत; दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस पाने असत, आणि चिंचोक्याच्या खळीवर रंग व लाखेचा तकतकीत थर देण्यात त्यांचा हातखंडा होता. जपानात पत्त्यांना 'कारुता' म्हणतात, तो शब्द पोर्तुगिजांचा. म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यास लागलेली गलबतेच पत्ते घेऊन तिकडे गेली होती. १८८९ साली क्योतोत यामाउची फुसाजिरो यांनी अठ्ठेचाळीस पानांचे फुलांचे पत्ते, 'हानाफुदा', हाताने बनवण्याचा कारखाना काढला आणि त्याचे नाव निन्तेन्दो ठेवले. सावंतवाडीची कला खेळणारेच उरले नाहीत तेव्हा मरणपंथास लागली; शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला राजवाड्यात आसरा दिला म्हणून ती आज टिकून आहे. क्योतोच्या कारखान्यात १९६५ साली पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी योकोइ गुन्पेइ नावाचा एक तरुण नोकरीस लागला. रिकाम्या वेळी त्याने कात्रीसारखा लांबत जाणारा एक चिमटा स्वतःच्या करमणुकीसाठी केला होता. मालकाच्या दृष्टीस तो पडला, आणि रागे भरण्याऐवजी मालकाने तेच खेळणे १९६६ साली बाजारात आणावयास सांगितले. त्याचे लाखो नग खपले. १९८१ चा 'डाँकी काँग', १९८३ चे 'फॅमिकॉम', १९८९ चा 'गेमबॉय' ही सारी संतती त्याच घराण्यातली. चितारी योकोइहून कमी बुद्धिमान होते असे म्हणवत नाही. त्यांच्या कारागिरीवर माया करणारा राजवाडा होता. तिचा नवा उपयोग शोधणारा कारखाना नव्हता.

विद्येचा हा प्रवाह एकदा उलट्या दिशेनेही वाहिला. १९८३ साली प्राध्यापक बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करावयास आलेले साको युगो रामकथेने असे भारावले, की संपूर्ण रामायण अ‍ॅनिमेशनमध्ये करण्याचा ध्यास त्यांनी घेतला. त्यांच्या जोडीने दिग्दर्शनास बसले ते फिल्म्स डिव्हिजनमधून बाहेर पडलेले आपले राममोहन. संगीत वनराज भाटियांचे, संस्कृत गीते वसंत देवांची. धोतराच्या निऱ्या चालताना कशा हलतात, पायांस हात लावताना पाठ किती वाकते, मांडी घालून बसलेला माणूस उठतो कसा, हे सारे जपानी चित्रकारांना समजावून द्यावे लागे. काटेवाडीच्या परटाला जी धोतराची घडी डोळे मिटून येते, ती टोकियोच्या चित्रकाराची परीक्षा पाहत होती. 'रामायण: द लीजंड ऑफ प्रिन्स राम' १९९३ च्या सुमारास प्रेक्षकांपुढे आला, वादांत व वितरणात अडकला, आणि भारतातील चित्रपटगृहांत रीतसर झळकला तो २०२५ च्या जानेवारीत.

आज आमच्या भागातल्या मुलाने जपानची वाट धरावयाची म्हटले तर पहिला मुक्काम पुण्यात पडतो. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि कितीतरी खासगी वर्ग यांमुळे जपानी भाषेच्या अध्ययनात पुण्याने देशात नाव मिळवले आहे. पु. ल. देशपांड्यांच्या 'पूर्वरंग'ने ज्या देशाची ओढ एका पिढीस लावली, त्या देशाच्या ओकायामा शहरातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर सिंहगड रस्त्यावर उभे राहिलेले उद्यान पु. लं.च्याच नावाने आहे, हाही एक सुंदर योग. त्यानंतर जपानातील भाषाशाळा, आणि मग 'सेन्मोन गाक्को' म्हणजे धंदेशिक्षणाच्या दोन वर्षांच्या शाळा, किंवा २००६ पासून चित्रकथेची स्वतंत्र विद्याशाखा चालवणारे क्योतो सेइका विद्यापीठ. विद्यार्थ्यास आठवड्यास अठ्ठावीस तासांपर्यंत काम करण्याची परवानगी मिळते, आणि ते काम बहुधा उपाहारगृहात वा दुकानात करावे लागते.

परंतु खरी शाळा पुढेच असते. चित्रशाळेत नव्याने शिरलेल्यास 'दोउगा'च्या मेजावर बसवतात. अनुभवी चित्रकाराने हालचालीची मुख्य रेखाटने, 'गेन्गा', काढलेली असतात. त्यांच्यामधली रेखाटने भरणे हे नवख्याचे काम. प्रकाश खालून येणाऱ्या काचेवर दोन ताव ठेवावयाचे, तिसरा त्यांवर घालावयाचा, वहीच्या कोपऱ्यासारखी चाळवून हालचाल तपासावयाची, आणि बाजूच्या वेळापत्रकावर कोणते रेखाटन कोणत्या क्रमांकाच्या चित्रास टिकते त्याची नोंद करावयाची. रेघ जाड झाली, परत. नाक केसभर सरकले, परत. मोबदला बहुधा तावामागे, आणि तो तुटपुंजा. आजोबांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना ते चटकन उमजले. "म्हणजे टोळीसारखंच की," ते म्हणाले. "जेवढी मोळी, तेवढी मजुरी." याला आपल्या भाषेत उमेदवारी म्हणतात, आणि या फारसी शब्दाच्या पोटात आशा दडलेली आहे हे आपण सहसा विसरतो.

या सर्व इतिहासातून एकच गोष्ट मला दिसते. खानखोजे, वार्ष्णेय, फाळके, शांताराम यांपैकी कोणाचीही बुद्धी परदेशात उजळण्याची वाट पाहत नव्हती. ती आधीच धार लावलेली होती. फरक पडला तो परत आल्यावर त्या विद्येची मोळी टाकावयास गव्हाण होती की नव्हती यावर. तळेगावात ती होती. फाळक्यांना ती पदरमोड करून स्वतःच्या घरात उभारावी लागली, म्हणून त्यांच्यामागे ती चालली नाही. आणि गव्हाण एकट्याने उभारता येते असे निदान भवानीनगरच्या माणसाने तरी समजू नये. १८७६–७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि १८८५ पासून पाणी या रानांत खेळू लागले. पण नुसत्या पाण्याने शेतकऱ्याच्या घरी साखर आली नाही. ती आली प्रवरेच्या कारखान्यापाठोपाठ गेल्या शतकाच्या पन्नाशीत सहकारी कारखाने उभे राहिले तेव्हा, भाग विकत घेण्याइतकी रोकड जेमतेम जमवणाऱ्या माणसांनी एकाच कागदावर अंगठे उमटवले तेव्हा. पैसा फंडाची कल्पना तळेगावाहून चालत नीरेच्या काठी आली होती.

सही करण्यापूर्वी मी मुलास तो रिकामा रकाना दाखवला. त्याने थोडा विचार करून लिहिले: 'मायदेशी परत येऊन हेच काम करणार.' कोठे, कोणाच्या चित्रशाळेत, कोणत्या भांडवलावर, याचा उल्लेख त्यात नव्हता, आणि तो त्याने करावा अशी अपेक्षाही मला धरवेना. ते लिहिणे त्याच्या एकट्याच्या हातातले नव्हते. मी जामीन म्हणून सही केली. आजोबांनी तो कागद हातात घेतला, वाचता येत नसतानाही बराच वेळ न्याहाळला, आणि सह्यांसाठी खाली अजून जागा आहे का, एवढेच विचारले.